टीव्हीखाली जागा एकाच कन्सोलला, तुमचा लाडका कुठला आणि का? (गेम्सची यादी नको)

रिकामा_स्लॉट

मंडळी, प्रश्न जुनाच आहे पण वेगळ्या अटीवर विचारतोय. माझ्याकडे प्लेस्टेशन 2, निन्टेंडो 64, एक्सबॉक्स 360 आणि स्विच असे चार कन्सोल आहेत. टीव्ही भिंतीवर गेला, खालचं लांबलचक टेबल गेलं, आता एकच मशीन कायमचं जोडलेलं राहणार आणि बाकीचे खोक्यात. कुठला ठेवू?

अट अशी की गेम्स बाजूला ठेवून सांगा. नाहीतर दहा मिनिटांत इथं गेम्सच्या याद्या पडतील आणि मग याद्यांवरून भांडणं. माझे आवडते गेम निम्मेअधिक आता दुसरीकडं पण खेळता येतात, कुणाचं रिमास्टर निघालंय, कुणाचं पीसीवर आलंय, मग ते मशीनच का ठेवायचं हे मशीननंच सांगितलं पाहिजे ना. हातात कसं लागतं, चालू केल्यावर काय करतं, डोकं कुठं खातं, असलं सांगा.

माझं माप सांगतो. पॉवर बटण दाबल्यापासून ते कॅरेक्टर माझ्या ताब्यात येईपर्यंत मध्ये काय काय घडतं ते मी बघतो. 64 चं कार्ट्रिज घातलं, खटका सरकवला की टायटल समोर. स्विच झोपेतून उठतं ते जिथं सोडलं तिथंच. या मापानं स्विच सरळ जिंकतं, पण ते ठेवावंसं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच कळत नाहीये म्हणून हा सगळा खटाटोप.

मेमरीकार्ड_भरलंय

प्लेस्टेशन 2, विषय संपला.

नाही पण कारण सांगतो, अट आहे ना. तुमच्या मापात "मध्ये काय घडतं" हा तोटा धरलाय तुम्ही, म्हणजे जितकं कमी तितकं चांगलं. पीएस2 मध्ये जे घडतं ते मला हवं असतं. चालू केल्यावर तो अंधारातला सीन येतो, धुक्यातून वर आलेले उंच खांब, ते नीट बघितलेत का कधी? ते खांब नुसती सजावट नाहीयेत. मेमरी कार्डावर तुम्ही कुठले गेम किती वेळा चालवले याची नोंद राहते आणि त्यावरून खांब उभे राहतात, जास्त वेळा खेळलेल्याचा खांब उंच. नवीन कोरं कार्ड घालून चालू करा, मैदान मोकळं दिसेल. 2000 साली हे करून ठेवलंय आणि कुठं सांगितलं पण नाही धड.

दुसरं म्हणजे ट्रेवरचा तो छोटा पीएस लोगो. मशीन आडवं ठेवा नाहीतर उभं, लोगो बोटानं फिरवून सरळ करता येतो. किती फालतू गोष्ट आहे, आणि कुणीतरी मीटिंगमध्ये बसून त्याच्यासाठी भांडलं असणार.

आणि जुने पीएस1 चे गेम चालतात. त्यासाठी पीएस1 चा प्रोसेसरच आत बसवलाय, एरवी तो कंट्रोलर, मेमरी कार्ड वगैरे इकडचं तिकडचं सांभाळतो आणि जुनी डिस्क घातली की परत आपल्या मूळ कामाला लागतो. डीव्हीडी चालते ते वेगळंच. 16 कोटींच्या वर खपला आहे, आजपर्यंत इतका खपलेला दुसरा कन्सोल नाही. उगाच नाही.

व्हीएमयूची_शिट्टी

तुमच्याकडे नाही माहितीय पण कुणीतरी सेगाच्या ड्रीमकास्टचं नाव घ्यायलाच पाहिजे, ते काम माझ्याकडं.

वस्तू म्हणून विचारलंत ना, मग याच्याइतकी वेडी वस्तू कुठली आहे सांगा. मेमरी कार्डाला स्वतःचा स्क्रीन, स्वतःची बटणं, कंट्रोलरच्या पोटात खोचायचं आणि कंट्रोलरला पाडलेल्या खिडकीतून तो स्क्रीन दिसतो. बाहेर काढलं की त्याच्यावर वेगळे बारके गेम. दोन एकत्र जोडता पण येतात. आत बारीक बटण-सेल असतात ते उतरले की मशीन चालू करताना कर्कश्श पीऽऽऽप असा आवाज करतं, दर वेळी. घरातले सगळे दचकतात. सेव्ह जातात का? नाही जात, सेव्हला सेल लागतच नाही, मग ओरडतोस कशाला बाबा.

1998 ला जपानमध्ये आला तेव्हा अंगातच मॉडेम घेऊन आला, म्हणजे फोनच्या वायरीवरून ऑनलाइन खेळायची सोय खोक्यातच, जेव्हा बाकीचे त्याचा विचार करत होते. आणि 2001 च्या मार्चमध्ये सेगानं बंद केला. फक्त हा कन्सोल नाही, कन्सोल बनवायचंच सोडलं त्यांनी. कंट्रोलरची वायर खालच्या बाजूनं का काढली हे मात्र मला अजून कळलेलं नाही, कुणाला माहिती असेल तर सांगा.

चौथा_कंट्रोलर

वरचे दोघं एकटे खेळणारे दिसतायत 😄

मशीनला पुढं भोकं किती आहेत ते बघा, बाकी नंतर. निन्टेंडो 64 ला चार. पीएस1 ला दोन, पीएस2 ला पण दोनच, तेही इतकं खपलेलं मशीन असून, चौघांना खेळायचं असेल तर मल्टीटॅप नावाचं वेगळं प्रकरण आणा. 64 ला काही आणायचं नाही, फक्त माणसं आणायची. टीव्हीचे चार तुकडे, प्रत्येकाला एक कोपरा, आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात बघितलंस म्हणून आरडाओरडा. ऑनलाइनमध्ये हे नाही हो मिळत, तिथं कुणी तुमच्या कोपऱ्यात बघूच शकत नाही, मग आरोप कुणावर करणार.

रिकामा_स्लॉट, तुमच्या घरी माणसं येत असतील तर 64 ठेवा, नसतील येत तर कुठलाही ठेवा काय फरक पडतो.

बटणदाबी

टीव्हीखाली जागा नाही हा प्रॉब्लेम मला कधी आलाच नाही कारण माझा लाडका कन्सोल गेम बॉय आहे, तो उशीखाली मावतो. टीव्ही कुणाच्या ताब्यात आहे, बातम्या चालू आहेत का मॅच, काही देणंघेणं नाही. मुलींना टीव्हीसमोर कंट्रोलर मिळायचा तो सगळ्यांचा खेळून झाल्यावर, हे इथं कुणी बोलणार नाही म्हणून मीच बोलते.

मशीन म्हणून बोलायचं तर ते 1989 मध्ये आलं तेव्हाच मागासलेलं होतं. हिरवट-पिवळट स्क्रीन, चारच छटा, मागून लाइट नाही, रात्री दिव्याखाली तिरकं धरून बसायचं. सेगाचा गेम गिअर रंगीत होता, लाइट होता, पण सहा सेल खायचा आणि काही तासांत आटपायचा. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. गुनपेई योकोइ म्हणून निन्टेंडोत होते, त्यांचं म्हणणंच असं की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे गुणदोष सगळे माहिती झालेत असं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा कुणी न केलेला उपयोग करा. कंट्रोलरवरचं अधिक-चिन्हासारखं बटण, जे आज प्रत्येक कंपनीच्या कंट्रोलरवर कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, ते पण त्यांचंच, आधी छोट्या गेम अँड वॉचवर आलं 1982 ला.

आणि तुमच्या त्या मापाबद्दल, चालू केल्यावर काय होतं. वरून निन्टेंडो नाव हळूच खाली सरकतं आणि टिंग. ते नाव मशीन कार्ट्रिजमधून वाचतं आणि आपल्याकडच्या प्रतीशी ताडून बघतं, जुळलं नाही तर पुढं जातच नाही. म्हणून कार्ट्रिजचे पाय मळलेले असले की नावाच्या जागी नुसता काळा ठोकळा खाली येतो. ठोकळा आला की काढायचं, पुसायचं, परत घालायचं. एरर कोड नाही, काही नाही, ठोकळा म्हणजे पूस, इतकी साधी भाषा.

फ्रेम_मोजणारा

अटच चुकीची आहे. गेम बाजूला ठेवून कन्सोल कसा सांगणार, गेमसाठीच तर तो बनवलाय. उदाहरण घ्या, 64 चा कंट्रोलर. मधल्या दांड्यावर ती अॅनालॉग स्टिक आहे ती आणि मारिओ 64 एकत्रच घडवलेत, हळू ढकलली की मारिओ दबकत चालतो, पूर्ण ढकलली की पळतो, आता यात मशीन कुठं संपलं आणि गेम कुठं सुरू झाला ते दाखवा. तीच स्टिक आज सगळीकडं आहे.

उलट्या बाजूनं पण तेच. 64 ला कार्ट्रिज ठेवलं म्हणून लोडिंग नाही, बरोबर, रिकामा_स्लॉट यांना ते आवडतं, पण मोठ्यात मोठं कार्ट्रिज 64 एमबीचं आणि समोर सीडी म्हणजे साधारण 650. फायनल फँटसी 7 म्हणून तर तिकडं गेला, 1997 ला पीएस1 वर तीन सीडींमध्ये आला. म्हणजे तुम्हाला जो दोन सेकंदांचा आनंद मिळतो त्याची भरपाई म्हणून अख्खे गेम गेले. मशीनचा प्रत्येक निर्णय हा कुठला गेम येणार आणि कुठला नाही याचाच निर्णय असतो.

आणि ती स्टिक, ज्यांच्याकडे 64 आहे त्यांनी तिच्या बुडाशी बघा, पांढरी भुकटी दिसेल. प्लास्टिकची वाटी आणि प्लास्टिकचा दांडा एकमेकांवर घासून झिजतात, शेवटी स्टिक लुळी पडते. चौथा_कंट्रोलर, तुमच्या चारपैकी किती ताठ आहेत खरं सांगा.

चौथा_कंट्रोलर

@फ्रेम_मोजणारा एक. आणि तो कुणाला मिळणार यावरूनच तर खरी मॅच होते.

रिकामा_स्लॉट

हाहाहा. माझ्याकडचे दोन्ही लुळेच आहेत.

फ्रेम_मोजणारा, तुमचं पटतंय पण अर्धंच. मशीनमुळे गेम ठरतात हे खरं, पण काही गोष्टी अशा असतात की गेम कुठलाही लावा, त्या मशीनच्याच असतात. पीएस1 चं चित्र बघा ना. भिंतीवरच्या विटा चालताना लाटांसारख्या हलतात, लांबचे कोपरे थरथरतात, कुठलाही 3डी गेम घ्या थोडंफार हे असतंच. लहानपणी वाटायचं डिस्क खराब आहे. आता तेच मुद्दाम करतात, नवीन भुताचे गेम निघतात त्यात ती थरथर हौसेनं घातलेली असते. हा मशीनचा स्वभाव झाला की नाही, गेमचा नाही.

फ्रेम_मोजणारा

स्वभाव वगैरे म्हणा हवं तर, पण कारण साधं आहे. पीएस1 चं हार्डवेअर त्रिकोणाचे कोपरे पूर्ण पिक्सेलवरच ठेवतं, मधल्या अर्ध्या-पाव जागा त्याला माहितीच नाहीत, म्हणून वस्तू हळू सरकली की कोपरा टुणकन एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर उडी मारतो. ती झाली थरथर. आणि टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावरचं चित्र, चिकटवताना ते पृष्ठभाग किती लांब आहे याचा हिशेबच धरत नाही, सरळ ताणून बसवतं, त्यामुळे जमिनीच्या फरशा जवळ गेल्यावर वाकड्या होतात. 64 मध्ये हा हिशेब होता. तिथं उलट सगळं पुसट, धुक्यात, कारण टेक्स्चर ठेवायला आत फक्त 4 केबी जागा, छोटंसं चित्र ताणून मोठ्या भिंतीवर लावायचं आणि वरून गुळगुळीत करायचं. दोन मशीन, दोन वेगळी दुखणी. मला विचाराल तर थरथर परवडली, धुकं नको.

लाल_दिवे_तीन

360 ला कुणी वालीच नाही का इथं. नाव बघून ओळखलंच असेल तुम्ही, पण मी 360 वाला आहे आणि मला त्याची लाज नाही.

हो ते तीन लाल दिवे, मशीन बिघडलं की पुढं लागायचे ते, माहितीय सगळ्यांना. गरम व्हायचं, थंड व्हायचं, त्यात आतले सोल्डरचे जोड तुटायचे, इतकी मशीन गेली की 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला या एका बिघाडासाठी वॉरंटी वाढवून तीन वर्षं करावी लागली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. घेणार असाल तर नंतरचं बारीक, काळं, 2010 चं मॉडेल घ्या, ते टिकतं. तुमचं कुठलं आहे ते सांगितलं नाहीत.

पण कंट्रोलर!! हातात घेतला की बोटं आपोआप जागेवर जातात. स्टिक तिरप्या बसवल्यात, डावी वर उजवी खाली, ट्रिगरला खोली आहे, गाडीचा एक्सलेटर पाव दाबता येतो. आज पीसीवर कुठलाही गेम काढा, बहुतेक ठिकाणी स्क्रीनवर ए बी एक्स वाय हीच बटणं दिसतात, ती सवय 360 नं लावली. मध्यभागी ते गोल बटण, ते दाबलं की गेम चालू असतानाच मित्र कुठं आहेत ते दिसायचं. 2005 ला!! अचिव्हमेंटचा, म्हणजे गेममध्ये काही करून दाखवलं की मिळणाऱ्या बिल्ल्याचा, तो ठुक आवाज तर विसरता येत नाही, त्या आवाजासाठी लोकांनी नको नको ते गेम पूर्ण केलेत. पीएस3 वाल्यांना तसल्याच ट्रॉफी मिळाल्या त्या 2008 मध्ये, म्हणजे बघा.

आणि पहिला एक्सबॉक्स पण सांगतो, त्याच्या कंट्रोलरच्या वायरीला मध्येच सुटणारा जोड होता. कुणी पाय अडकून धडपडलं तर वायर तिथनं सुटायची, मशीन खाली पडायचं नाही. चौथा_कंट्रोलर, घरी माणसं येतात म्हणता ना, माणसांसाठी केलेलं डिझाइन याला म्हणतात.

डाउनलोड_99टक्के

काका लोकांनो 🙏 मी आलो.

इतकी चर्चा झाली, माप काय तर बटण दाबल्यापासून खेळायला लागेपर्यंत, आणि एकानं पण एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस चं नाव घेतलं नाही? क्विक रिझ्यूम बघा एकदा. तीन-चार गेम एकदम अर्धवट सोडून ठेवा, प्लग काढा, परत लावा, कुठलाही उघडा, त्याच वळणावर त्याच गाडीत. पीएस5 ची एसएसडी पण तशीच, मरून परत जिवंत व्हायला आधी चहा व्हायचा आता पापणी लवत नाही. ट्रिगर तर असा की धनुष्य ओढताना खरंच जड जातं आणि बंदूक अडकली की बटणच अडकतं. हे मशीनचंच ना, गेम बाजूला ठेवूनच सांगतोय.

तुम्हाला पिक्सेल हलतात ते आवडतं, मेमरी कार्ड ओरडतं ते आवडतं, स्टिकचा भुगा पडतो ते पण आवडतं. म्हणजे जे बिघडलेलं आहे ते सगळं आवडतं. मग हे कन्सोलचं प्रेम आहे का तेव्हा शाळेला सुट्टी होती त्याचं.

बटणदाबी

@डाउनलोड_99टक्के बोललास ते काही चूक नाही. पण सुट्टीचं प्रेम असतं तर सगळेच जुने कन्सोल आवडले असते ना. मला व्हर्च्युअल बॉय नाही आवडत, 1995 चा, त्याच योकोइंचा, नुसतं लाल चित्र आणि टेबलावर वाकून डोळे लावायचे, मान धरायची. जुना आहे म्हणून कुणी त्याला जवळ घेत नाही. वर्षभरात बंद झाला.

मला वाटतं फरक हा आहे की जुन्या मशीनचं बिघडणं आपल्या हातातलं होतं. पूस, फुंकर मार (मारू नका हो, ओल जाऊन पाय गंजतात, इयरबडला अल्कोहोल लावून पुसा), सेल बदल, स्क्रू काढ. तुझं नाव बघ, डाउनलोड 99 टक्के. तिथं अडकलं की काय पुसणार?

डाउनलोड_99टक्के

ताई नाव बदलतो मी 😭 पण हे मान्य.

फ्रेम_मोजणारा

इथं मात्र मुद्दा आहे. कुठलं मशीन ठेवायचं याला मी एकच कसोटी लावेन, समजा कंपनी उद्या सगळे सर्व्हर बंद करून घरी गेली तर तुमच्या टीव्हीखालचं मशीन काय करेल. निन्टेंडोच्या 3डीएस आणि वी यू चं ऑनलाइन दुकान 2023 च्या मार्चमध्ये बंद झालं, जे फक्त तिथंच विकत मिळायचं ते सरळ मार्गानं नव्यानं घेता येत नाही आता. पीएस4 चा किस्सा तर मस्त आहे. आत घड्याळासाठी एक सेल असतो, तो उतरला आणि प्लेस्टेशन नेटवर्कला जाता आलं नाही तर गेम चालायचेच नाहीत, डिस्क घातली तरी, कारण ट्रॉफीला तारीख कुठली लावायची ते त्याला कळायचं नाही. ट्रॉफीमुळे गेम बंद! 2021 च्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त केलं त्यांनी.

जुनी मशीन पण अमर नाहीत. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरच्या कार्ट्रिजमध्ये सेल आहे, घड्याळ पण त्याच्यावरच चालतं, तो उतरला की सेव्ह गेलं. डिस्कचं लेझर म्हातारं होतं. पण तुम्ही म्हणता तसं ते घरी बसून निस्तरता येतं.

स्विचचं कार्ट्रिज चाटून बघा कुणीतरी, कडूजहर आहे, लहान मुलांनी गिळू नये म्हणून मुद्दाम लावलंय. विषयाशी संबंध नाही, आठवलं म्हणून.

व्हीएमयूची_शिट्टी

चाटलंय. आठवण काढू नका.

मेमरीकार्ड_भरलंय

मूळ प्रश्न राहिला बाजूला. रिकामा_स्लॉट, ठरलं का?

आणि स्विच का ठेवावंसं वाटत नाही म्हणालात त्याचं माझं उत्तर असं की स्विच टीव्हीखाली राहायला बनलेलंच नाही. डॉकमधून उपसायचं आणि घेऊन जायचं ते. त्याला कायमची जागा देऊन उपयोग काय, ते कपाटावर असलं काय बेडवर असलं काय. जागा त्याला द्या ज्याला दुसरीकडं जाताच येत नाही.

रिकामा_स्लॉट

हे बरोबर पकडलंत. स्विच यादीतनंच काढलं मग, त्याला ड्रॉवर पुरे.

360 माझं पहिल्या पिढीचं पांढरं आहे, लाल_दिवे_तीन यांचं ऐकून त्याला आता रोज चालू करायची हिंमत होत नाहीये, मशीनपेक्षा कंट्रोलर भारी होता हे मान्य, तो पीसीला लावेन, वायरवाला आहे सरळ यूएसबीत जातो. 64 साठी चौघं पाहिजेत आणि चार ताठ स्टिक पाहिजेत, दोन्ही नाही माझ्याकडे.

तर पीएस2. काल रात्री ते खांब बघायला म्हणून जुनं कार्ड घालून चालू केलं, खरंच आहेत. एक भलताच उंच आहे आणि तो कुठल्या गेमचा ते मला माहितीय पण अट माझीच आहे म्हणून सांगत नाही.

आता अडचण. नवीन टीव्हीला मागं फक्त एचडीएमआय आहेत, लाल-पांढरा-पिवळा जोडायला जागाच नाही. छोटा पांढरा डबा मिळतो, एका बाजूला तीन रंगाच्या पिना आणि दुसरीकडं एचडीएमआय, तो लावला. चित्र येतं पण सगळं मेणचट, आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा मारतो. टीव्हीमुळे का डब्यामुळे?

फ्रेम_मोजणारा

दोन्ही. आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, फुकट आहे, टीव्ही चित्रावर जी रंगरंगोटी करतो तो वेळ त्यानं वाचतो, बराचसा उशीर तिथंच जाईल.

मेणचटपणा पिवळ्या पिनेमुळे. एकाच वायरीत रंग आणि उजेड कोंबून पाठवतात, मग ते वेगळं करताना कडा विरघळतात. पीएस2 मधून कॉम्पोनंट निघतं, हिरवी-निळी-लाल अशी तीन चित्राची आणि दोन आवाजाची, ती केबल घ्या. मागचं ते चपटं सॉकेट पीएस2 आणि पीएस3 ला सारखंच आहे, म्हणून पीएस3 ची कॉम्पोनंट केबल चालेल, कुणाकडे पडलेली असेल तर विचारा. केबल लावायच्या आधी पिवळ्यावरूनच सिस्टिम सेटिंगमध्ये जाऊन कॉम्पोनंट आउट मध्ये आरजीबी असेल तर वाय सीबी सीआर करा, नाहीतर रंग भलतेच दिसतील आणि केबल खराब आहे असं वाटेल.

मग मध्ये तो पांढरा डबा नको, जुन्या कन्सोलसाठीच बनवलेला कन्व्हर्टर घ्या. साधे डबे बहुतेक वेळा पीएस2 चं एक आड एक ओळींचं चित्र सिनेमासारखं समजून सावकाश जुळवत बसतात. आणि घेताना 240पी, म्हणजे 240 ओळींचं जुनं चित्र, चालतं का ते नक्की बघा, कारण पीएस1 ची डिस्क घातली की पीएस2 कॉम्पोनंटमधून 240पी सोडतो आणि बऱ्याच टीव्हींना न डब्यांना ते कळतच नाही, काळा पडदा येतो.

लाल_दिवे_तीन

आणि बंदुकीचे गेम असतील तर सोडून द्या, लाइट गन सपाट टीव्हीवर चालत नाही, तिला जुना काचेचा डबा टीव्हीच लागतो, पडद्यावर वरून खाली फिरणारी उजेडाची रेघ पकडून ती नेम ओळखते आणि नवीन टीव्हीत ती रेघच नाही.

चौथा_कंट्रोलर

64 खोक्यात टाकणार असाल तर तुमच्या त्या दोन लुळ्या स्टिक पाठवा माझ्याकडं, दोनातनं एक जुळवून बघतो. आणि मल्टीटॅप शोधून ठेवा. पीएस2 च्या जाड्या आणि बारीक मॉडेलला वेगवेगळा लागतो, बघून घ्या.